आता मीच फोन

कराडशेजारच्या मलकापुरात मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते त्या काकांच्या हाती आपला फोन द्यायचा नाही, हे काकूंनी मला खोली दाखवायच्या आधीच सांगून टाकलं. “पानी सकाळी येतं, गच्चीवर पापड वाळत असलं तर कावळं हाकलायचं, आन् ह्यांच्या हातात फोन द्यायचा न्हाई,” असं एका दमात. मी तेव्हा कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच लागले होते. वाईत वाढल्यामुळे घरमालकांच्या नाना तऱ्हा ऐकून होते, पण ही अट नवी होती. मला वाटलं, काकांना दुसऱ्याचे मेसेज वाचायची खोड असणार.

तसं काही नव्हतं. कुणाचे मेसेज, कुणाचे फोटो यात काकांना काडीचाही रस नव्हता. त्यांचं भांडण थेट कंपनीशी होतं. फोन बनवणारी कंपनी फोनच्या आत एक कुलूप घालून ठेवते. म्हणजे तिने दिलेलंच सॉफ्टवेअर त्यात चालावं, दुसरं कुणी काही घालू नये. हे कुलूप काढायचं, कंपनीचं सॉफ्टवेअर पुसायचं आणि जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणी हौसेने बनवून फुकट वाटलेलं दुसरं घालायचं, हा काकांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. याला ते ‘फोन मोकळा करणं’ म्हणत. जणू पोपट पिंजऱ्यातून सोडत होते.

“इकत घेतला न्हवं तुमी?” पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं. “मग आत कुलूप कुनाचं? कंपनीचं. किल्ली कुनाकडं? कंपनीकडं. मग ताई, ह्यो फोन तुमचा कसा? तुमी नुसत्या भाडेकरू.”

हे मला ऐकवणारा माणूस मला भिंतीत एक खिळा ठोकू देत नव्हता. माझं कॅलेंडर पहिलं वर्षभर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं होतं. हे मी त्यांना सुनावलं तेव्हा ते म्हणाले, “भिताडाचं येगळं असतंय.”

काकांची सगळी नोकरी कोयनेच्या वीजघरात गेलेली. तिथली शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की घरातला पंखा पुसायचा असला तरी ते मेन स्विचवर ‘काम चालू आहे, हात लावू नये’ अशी लाल पाटी अडकवत. फोन मोकळा करायचा म्हणजे तर पूजाच. व्हरांड्यातल्या टेबलावर जाड रबराची चटई, त्यावर जुना कॉम्प्युटर, केबल, आणि वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर. सगळी जोडाजोड झाली की काका खणखणीत आवाजात ओरडत, “लाइन बंद!” वीजघरात समोरच्याने तेच शब्द परत म्हटल्याशिवाय काम सुरू करत नाहीत. त्यामुळे स्वयंपाकघरातून काकूंनी “बंद!” असं ओरडून सांगेपर्यंत काका बटण दाबत नसत. काकू कधी मुद्दाम उशीर करत. भाजी फोडणीला टाकून, हात धुऊन, पदराला पुसून मग म्हणत, “बंद हो, बंद!” आणि माझ्याकडे बघून हळूच पुटपुटत, “डोस्कं बंद.”

वीजघराची दुसरी शिकवण म्हणजे नेमप्लेट. यंत्रावरची पाटी वाचल्याबिगर यंत्राला हात लावायचा न्हाई, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, ते आधी वाकून, चष्मा कपाळावर सरकवून पाटी वाचत. एकदा लग्नात वधूवरांना भेट मिळालेल्या कुकरची पाटी वाचताना मी त्यांना पाहिलंय. मागे आहेर द्यायला रांग लागली होती.

कंपनीकडून येणाऱ्या अपडेटचा त्यांना भारी संताप. मी आपली साधी बाई. फोनने अपडेट करा म्हटलं की करणारी. काका वैतागत. “दाबा, दाबा. उद्या सकाळी बगा, भांडी हलवून ठिवल्याली असतील.” आणि यात ते चुकीचे नव्हते, हे मला मान्य केलं पाहिजे. दर अपडेटनंतर माझ्या फोनमधलं काहीतरी जागचं हलायचंच. अलार्म कुठे गेला हे शोधण्यात माझी एक सकाळची बस चुकली होती.

पण त्यांचे मोकळे झालेले फोन तरी कुठे धड असत? त्यांच्या सांगलीच्या जावयाची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. पहिल्या दिवाळीला जावई आले, सासऱ्यांनी कौतुकाने फोन मागितला, जावयांनी मानाने दिला. फोन मोकळा झाला, घोड्यासारखा पळायला लागला, फक्त कॅमेऱ्यात सगळं हिरवं दिसू लागलं. त्या दिवाळीच्या फोटोंत मुलगी हिरवी, फराळ हिरवा, स्वतः काका तर पार शेवाळलेले. पुढे सांगलीला गेल्यावर जावयांनी फोनवर आलेला कंपनीचा अपडेट बिनधास्त दाबला. मोकळ्या केलेल्या फोनवर कंपनीचा अपडेट घ्यायचा नसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फोन कंपनीच्या नावाच्या चित्रावर अडकला तो अडकलाच. तेव्हापासून जावई सासुरवाडीला येताना फोन गाडीत कुलूप लावून ठेवत आणि घरात अगदी रिकाम्या हातांनी, मोकळ्या मनाने बसत.

असे अडकलेले फोन काका बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्यांना मेलेले म्हणायची सोय नव्हती. “झोपल्यात,” काका म्हणत. “हुतील जागं कवातरी.” माझ्यादेखत एकही जागा झाला नाही. बँकेचं ॲपही त्यांच्या फोनवर चालत नसे. फोनशी छेडछाड झाली आहे म्हणून ते उघडायलाच नकार देई. काका थेट शाखेत गेले आणि मॅनेजरला म्हणाले, “तुमचं ॲप माझ्या फोनाला चोर म्हनतंय. माफी मागाया सांगा त्येला.”

एकदा सरकारने सगळ्यांच्या फोनवर धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी घेतली. भर दुपारी गल्लीतले सगळे फोन एकदम केकाटले. आमच्या गल्लीत कोयनेच्या वसाहतीतून निवृत्त होऊन आलेली बरीच घरं. त्यांचा जन्म जमिनीच्या हादऱ्यांवर गेलेला. ही माणसं असल्या वेळी मेसेज वाचत बसत नाहीत, आधी मोकळं मैदान गाठतात. एक जण तोंडाला साबण तसाच ठेवून धावला, एका बाईंनी गॅस बंद करून कुकरच उचलून आणला. ‘ही केवळ चाचणी आहे’ हे शेवटी मी मैदानात उभी राहून मोठ्याने वाचून दाखवलं. परत येऊन बघतो तो काका व्हरांड्यात शांतपणे चहा पीत बसलेले. त्यांचा आणि काकूंचा फोन मोकळा करताना त्यांनी असली सगळी ‘फालतू सामग्री’ काढून टाकली होती.

“माझ्या फोनाला कुनी वरडाया लावू शकत न्हाई,” ते अभिमानाने म्हणाले.

काकू धापा टाकत होत्या. “आन् खराच हादरा आला म्हंजी? मला कोन उठवनार?”

“मी हाय की!”

“तुमी घोरताय,” काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

इतकं सगळं असूनही मला काकांचा राग कधी आला नाही. हा माणूस कुणाकडून एक पैसा घेत नसे, आणि फोन हातात घेतला की त्याच्या चेहऱ्यावर पहिलीतल्या पोरासारखा आनंद दिसे. पण त्यांनी चूक कबूल केल्याचंही मी कधी ऐकलं नव्हतं. केबल खराब असे, फाइल खराब असे, फोनला झोप आलेली असे.

माणदेशाकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. त्यातला एक कळप दर साली आमच्या घरामागे, काकांच्या चुलतभावाच्या शेतात मुक्कामाला बसे. मेंढरांच्या लेंड्यांचं शेताला खत होतं म्हणून शेतकरीही त्यांना आवतण देतात. या कळपाच्या मालकांना काका ‘पाव्हणं’ म्हणत, म्हणून मीही पाव्हणेच म्हणत असे. काळेसावळे, उंच, कमी बोलणारे. त्यांच्या कामाची पद्धत अशी, की बायको घोड्यांवर संसार लादून, लहान पोरं नि कोकरं घेऊन पहाटेच पुढे जायची. पुढच्या कुठल्यातरी गावात एखादा शेतकरी ‘बसवा आमच्या रानात’ म्हणाला की तिथे मुक्काम ठरायचा आणि ती नवऱ्याच्या फोनवर ती जागा पाठवायची. मग हे मेंढरं हाकत संध्याकाळपर्यंत तिथे पोचायचे. जागा आधी ठरलेली नसे. बॅटरी पुरावी म्हणून ती फोन बंद ठेवी आणि मुक्काम लागल्यावरच चालू करी.

त्या रविवारी बायको पुढे निघून गेल्यावर पाव्हणे सकाळी फोन घेऊन व्हरांड्यात आले. “काका, ह्यो आता चालायचा न्हाई म्हनतोय.”

मेसेजचं ॲप म्हणत होतं की हा फोन फार जुना झाला, आधी फोन अपडेट करा. आणि फोनच्या कंपनीने त्या फोनला अपडेट देणंच बंद केलेलं. म्हणजे बायकोने पाठवलेली जागा आता दिसणार कुठे? खरं सांगायचं तर काकांचं औषध नेमकं ज्या रोगावर चालतं तोच हा रोग होता. “कंपनीनं टाकल्यालं लेकरू हाय ह्ये,” काका गहिवरून म्हणाले आणि त्यांनी चटई अंथरली.

फोनची पाठ पिवळीजर्द होती. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून पाठीवरचा बारीक मजकूर वाचला, मॉडेल बघितलं, त्याची फाइल शोधली. आतले मेंढरांचे फोटो आधी काढून घेतले. “लाइन बंद!” काकूंनी “बंद!” म्हटलं. कॉम्प्युटरवरची पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली, फोनचा पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. काकांनी बटण दाबून धरलं, चार्जर लावला, बॅटरी काढून घातली. नंतर फोन उलटा करून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“पाठ कवा बदलली का पाव्हणं?” त्यांनी हळूच विचारलं.

“व्हय की. म्हसवडच्या बाजारात. मूळची फुटली हुती, ही दुसऱ्या कुठल्या फोनाची, पर बसली बराबर.”

वीजघरातल्या यंत्राची पाटी कुणी बाजारात जाऊन बदलत नाही. काकांनी आयुष्यभर पाटीवर विश्वास ठेवला होता आणि पाटीने त्यांना त्या दिवशी खोटं सांगितलं; भलत्याच मॉडेलची फाइल आत गेली होती.

पाव्हण्यांचं सिम काकूंच्या फोनमध्ये घातलं. “तुमच्याकडंच ठिवा दादा तो, परत आनू नगासा,” काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर सुटल्याचा आनंद मला स्पष्ट दिसला. पण बायकोचा फोन बंदच होता, आणि ती तो कधी चालू करील याचा नेम नव्हता. इकडे चुलतभाऊ दुपारी शेतात पाणी सोडणार होता. मेंढरं तर हलवायलाच हवीत. आणि पुढे रस्त्याला फाटे फुटतात. चुकीच्या खोऱ्यात शिरलं तर शेकडो मेंढरं वळवून परत आणायला दुसरा दिवस उजाडणार. तोवर ती बाई, दोन लहान पोरं नि घोडी उघड्या रानात एकटी. कुत्रीसुद्धा मेंढरांबरोबर मागे.

पाव्हणे एक शब्द रागाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “ल्हान पोरगी हाय तिच्यासंगं. सांच्याला रस्त्याकडं बघत बसत्यात ती.”

काका उठले. पिवळा फोन खिशात घातला, डोक्यावर हेल्मेट चढवलं. “पाव्हणं, मेंढरं पाटणच्या रस्त्याला लावा आन् सावकास हाका. फाट्याच्या म्होरं जाऊ नगा. फोनचं काम फोन करत न्हाई तर आता मीच फोन. जातो, हुडकतो, आन् निरोप देतो.”

“तू जा बाई संगं,” काकूंनी मला सांगितलं. “न्हाईतर ह्ये वाटंत कुनाचा तरी फोन उघडत बसतील.”

काकूंना नवऱ्याची नस न नस माहीत होती. स्कूटरवरून जाताना काका दिसेल त्याला विचारत होते, घोडी बघितली का, संगं पोरं हुती का. एका चहाच्या टपरीवर घोडी दिसल्याची खबर मिळाली, पण तिथला चहावाला स्वतःचा फोन हातात धरून वैतागलेला. “आवं, सकाळधरनं अपडेट अडकलाय, निम्म्यावर हाय नुसता.” मी काकांकडे बघितलं. त्यांची बोटं हालत होती, खरंच हालत होती. मग त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबले आणि “असू द्या, हुईल, हुईल,” असं म्हणत ते जवळजवळ पळतच स्कूटरकडे गेले. त्या दिवशी त्यांच्या मनावर काय ओझं होतं ते मला तिथे कळलं.

पाटणच्या बरंच अलीकडे नदीच्या बाजूला घोडी दिसली. उसाच्या तोडलेल्या रानात ती बाई दगडाने मेख ठोकत होती. पोरं कोकरांशी खेळत होती. काकांना इतका आनंद झाला की स्कूटर नीट उभी करायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही. हेल्मेट तसंच, आणि हातात तो पिवळा फोन उंच धरून ते बांधावरून ओरडत निघाले, “आवं बाई! ह्यो फोन बगा! ह्यो फोन!”

तिने मान वर केली. फोन ओळखला. तिच्या हातातला दगड खाली पडला.

मला आधी कळलं, काकांना नंतर. अनोळखी माणूस हेल्मेट घालून, नवऱ्याचा फोन हातात घेऊन रानात येतो, याचा एकच अर्थ बायकोला लागतो. ती जागची हलली नाही.   “त्यास्नी... त्यास्नी काय झालं?”

काका चिखलात तसेच थांबले. त्यांचा वर धरलेला हात खाली आला. मी पुढे होऊन बोलणार होते, पण त्यांनी मला अडवलं आणि हेल्मेट काढलं.

“त्यास्नी काय सुदिक झाल्यालं न्हाई,” ते म्हणाले. “खुशाल हायेत. मेंढरं घिऊन यायल्यात. ह्यो फोन मेलाय. माझ्या हातनं मेला. लई शाना समजतो मी सोताला, म्हनून उघडाया घेतला. चूक माझी हाय, बाई. माझीच.”

इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून फोन नुसते झोपत होते, त्या माणसाने ‘मेला’ हा शब्द उच्चारला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

 तिने पदराने तोंड पुसलं आणि ती एकदम भडकली. “आवं, मग असं फोन नाचवत कशाला आलासा? काळीज फाटलं न्हवं माझं!” बोलता बोलता तिला हसू यायला लागलं. काका मान खाली घालून ऐकत होते. तिने कमरेच्या पिशवीतून आपला फोन काढून चालू केला आणि नवऱ्याला लावला. तिकडे काकूंचा फोन वाजला असणार. “कुठं हायसा?” तिने आधी विचारलं. मग जागा सांगितली, कुठल्या फाट्याला वळायचं, कुठली विहीर, कुठलं चिंचेचं झाड. फोन ठेवून काकांकडे वळली.

“ते म्हनत्यात, काकास्नी जेवल्याबिगर सोडू नगंस.”

काका नदीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. तो त्यांनी खूप वेळ पुसला.

तीन दगडांच्या चुलीवर तिने भाकरी टाकली. बाजरीची, आणि बरोबर मिरचीचा ठेचा. पोरं आमच्याकडे टकामका बघत होती. काका भाकरीचा एकेक तुकडा मोडून जेवत होते. जेवण होत आलं तेव्हा तिने आपला फोन त्यांच्यासमोर ठेवला.

“ह्येच्यावर बी तसंच लिवून याया लागलंय, चालायचा न्हाई म्हनून. लय सुस्त बी झालाय. बगता का जरा, काका?”

तिच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि यापेक्षा मोठी माफी मला वाटतं कुणाला मिळाली नसेल. काकांनी हात धुतले, रुमालाला कोरडे केले. फोन उचलला, पाठीवरचा मजकूर वाचला. मग उलटा करून आतली माहिती उघडली, मॉडेल तिथेही वाचलं, परत पाठ बघितली. दोन्ही जुळत होती. त्यांचा अंगठा पडद्यावर थोडा वेळ घुटमळला.

मग त्यांनी फोन अलगद तिच्यासमोर परत ठेवला. “बोलनं हुतंय न्हवं ह्येच्यावर? मग कोकनातनं माघारी येईपतूर चालू द्या तसाच. माघारी आल्यावर दुसरा घ्या, ह्येला कुनाला हात लावू दिऊ नगा. मला बी न्हाई.”

आणि लगबगीने उठून, हेल्मेट चढवत मला म्हणाले, “ताई, बसा लवकर गाडीवर. आनखी दोन मिंटं हितं ऱ्हायलो, तर माझं काय खरं न्हाई.”